वहिनींची शिक्षा

या पानावरचे अनुभव मी शाळेच्या मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात… माझा आपला एकच प्रश्न — तपासलंत का? कारण माझं कामच तपासायचं आहे. मी इंदूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चौतीस मशीन्स, सगळी विंडोजऐवजी लिनक्सवर. मशीन अडलं की त्याला कारण असतं आणि ते कुठल्या ना कुठल्या लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, लिहिलेलं असतं. वाचायचा कंटाळा करणाऱ्यांना भुतं दिसतात, असं मी स्टाफरूममध्ये तोंड वर करून सांगितलेलं आहे.

आता मीच लिहायला बसले आहे. हसा खुशाल.

पण आधीच कबूल करते, या अनुभवात भूत थोडं आणि मत्सर जास्त आहे. मत्सर माझा. आणि तोही मेलेल्या बाईचा, माझ्या जावेचा.

आमचं घर इथल्या लालबाग राजवाड्याच्या मागच्या बाजूला, एका साध्या कॉलनीत. खाली सासरे, वर आम्ही. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. धाकटी जाऊ वैशाली माझ्यानंतर सहा वर्षांनी आली. माहेर जुन्या इंदुरातलं, शिक्षण सगळं हिंदीतून. तिचं मराठी ऐकून सुरुवातीला मला घाम फुटायचा. ‘मी आत्ता येऊन राहिली आहे’, ‘तुम्ही बताओ ना वहिनी’, ‘फालतू टेन्शन नका घेऊ’… मी दुरुस्त करायचे, ती मान हलवायची आणि पुढच्या वाक्यात तेच बोलायची.

आणि सगळ्यांना ती आवडायची. हे मला कधी कळलंच नाही. पोळ्या मी करायचे, आवडायची ती. सासऱ्यांच्या गोळ्या मी लावून ठेवायचे, पण हाक काय, तर “वैशू, गोळी दे गं.” मला ते ‘स्मिता’ म्हणायचे. पूर्ण, स्वच्छ, हजेरी घेतल्यासारखं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, गणिताचे शिक्षक होते. आता त्र्याऐंशी वय. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, त्यांचे मोडीतले कागद बाबांकडे आहेत. ते सगळे स्कॅन करून घेतलेत. पडद्याच्या डाव्या बाजूला मोडीचा कागद उघडायचा, उजव्या बाजूला देवनागरीत टाइप करायचं. रोज सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. डोळे अधू झाल्यावर भिंगातून. तेवढ्यासाठी ते उठतात, तेवढ्यासाठी वेळेवर जेवतात.

त्यांचं मशीन वैशालीनं लावून दिलं होतं. अक्षरं पेढ्याएवढी, बाण बोटाएवढा, सगळं मराठीत. पुसलेल्या फायलींच्या टोपलीला तिनं नाव दिलं होतं ‘कचरागाडी’. बाबा आल्यागेल्याला ते दाखवायचे. “हे आमच्या वैशूनं केलं.”

आता ऐका. वैशालीला लिनक्स शिकवलं कुणी? मी! मंदार, म्हणजे माझा दीर, कामासाठी सतत बाहेरगावी असायचा आणि ती दुपारी मोकळी. मलाही काही शिकवा म्हणाली, म्हणून मी रोज तासभर बसवलं. आणि मी कडक शिकवते. कॉपी-पेस्ट चालणार नाही, प्रत्येक कमांड हातानं. चुकली की तीच दहा वेळा टाइप करायची. ती कुरकुर करत नसे, हसत असे, त्याचाही मला राग यायचा. मग माझ्या शाळेच्या परीक्षा आल्या, बाबांचं मशीन लावायला मला वेळ झाला नाही, आणि तिनं चार दिवस बसून ते लावलं. शिकवलं मी आणि नाव झालं तिचं. मी मनात किती धुमसले हे फक्त मला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी वैशाली डेंग्यूनं गेली. चार दिवसांत. एकोणचाळीस वर्षांची. मी रडले, खरंच रडले, कुणी वेगळं समजू नये. पण महिनाभरात माझ्या लक्षात आलं की आता तर काहीच करता येणार नाही. जिवंत माणूस कधीतरी चुकतं, भाजी खारट करतं, उलटून बोलतं. गेलेलं माणूस चुकतच नाही. घरात फोटो लागला, हार चढला, आणि मी कायमची दुसऱ्या नंबरवर.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारची सकाळ. पोहे झाले होते, बाबा आंघोळीला गेले होते. मी त्यांच्या मशीनला अपडेट लावलं आणि ते होईपर्यंत फायलींची साफसफाई करत बसले. त्यांच्या खात्यात, सगळ्यात खाली, एक फोल्डर दिसला. नाव — ‘वहिनींची शिक्षा’.

मी दोनदा वाचलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हणजे मी शिकवत होते ती हिला शिक्षा वाटत होती? तोंडावर गोड हसायचं, आणि मागे सासऱ्यांच्या मशीनवर माझ्या नावानं हे लिहून ठेवायचं? बाबांनी हे वाचलं असणार. दोघांनी मिळून हसलेही असणार. मला ते हसणं ऐकूसुद्धा आलं, इतकी माझी खात्री होती.

मी तो फोल्डर उघडला नाही. आत काय आहे ते मला बघायचंच नव्हतं. सरळ पुसला. कचरागाडीतही टाकला नाही, कायमचा पुसला. ‘हे परत आणता येणार नाही, नक्की ना?’ असं मशीननं विचारलं. मी ‘हो’वर बोट दाबलं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अपडेट झालं होतं. मशीन बंद करून मी वर गेले. कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

दुपारी खालून हाक आली. “स्मिता, अगं हे चालूच नाही होऊन राहिलं.”

पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. पुन्हा टाका, पुन्हा काळा, पुन्हा तिथेच. घराच्या दारात कडी वाजवावी, दार उघडावं आणि आपण परत बाहेरच, तसं. आमच्या धंद्यात हे नवीन नाही, याची पाच-सहा नेहमीची कारणं असतात. मी म्हटलं, “बाबा, अपडेटनं गडबड केली असेल. चहा होईपर्यंत करते.”

चहा झाला. रात्रीचं जेवण झालं. सोमवार गेला.

चित्रांचा, खिडक्यांचा पडदा येत नसेल तेव्हा आम्ही तीन बटणं एकदम दाबून साध्या काळ्या पडद्यावर जातो. तिथे नुसती अक्षरं. तिथून मी सगळं पाहिलं. डिस्क भरली नव्हती. फायलींची मालकी बरोबर होती. पडद्यावर चित्र आणणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना घातला, नवा घातला. मग एक नवं खातं बनवून पाहिलं तर ते पटकन उघडलं! म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, बाबांच्याच खात्यात कुठेतरी होता.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, पुढे तिच्यावरच सगळं आहे. त्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसत नाही. दिसूच शकत नाही. त्याच्याकडे ती अक्षरंच नसतात. मराठी नावाची फाइल तिथे नुसती चौकोनांची रांग दिसते. बाबांच्या सगळ्या फायली मराठी नावांच्या, त्यामुळे पडदाभर चौकोन. लॉगमध्येही एका ओळीत असेच चौकोन होते. बाबांच्या कुठल्यातरी कागदाचं नाव असेल म्हणून मी ती ओळ सोडून दिली. मी. लॉग वाचा म्हणून जगाला सांगणारी.

“बाबा, या नव्या खात्यातच तुमचे कागद आणून देते. सगळं तसंच करते,” मी म्हटलं.

बाबा खुर्चीवर बसले, भिंग लावून पाहिलं, आणि उठले. “हे माझं नाही गं. ही कुणा दुसऱ्याची बैठक आहे.” मग दाराशी जाऊन, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “वैशू असती तर…”

बस. वर जाऊन मी नवऱ्यावर इतकी भडकले की तो म्हणाला, “अगं, एक मशीन आहे ते. जाने दे ना! नवीन घेऊ.” त्याला काय कळणार? मला ते मशीन मीच सुरू करायचं होतं. बाबांनी एकदा, एकदाच, माझ्यामुळे झालं म्हणायला हवं होतं. मेलेल्या बाईला हरवायचं होतं मला, साध्या भाषेत सांगायचं तर.

मंगळवारी शाळेतून लवकर आले. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन, खिडकी उघडी, कुलर चालू. घाबरण्यासारखं वातावरण म्हणाल तर शून्य. बाबा माझ्या मागच्या खुर्चीत कप घेऊन बसले होते. गेल्या दोन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती. मी काळ्या पडद्यावर गेले, त्यांच्या खात्यातल्या फायलींची यादी मागवली. चौकोन, चौकोन, चौकोन. यादी संपली आणि खाली कर्सर लुकलुकत थांबला. मी दोन्ही हात डोक्याला लावून बसले होते. म्हणजे हात कीबोर्डवर नव्हते, हे मला पक्कं आठवतंय.

आणि एक ओळ उमटली.

एकेक अक्षर नाही, पूर्ण ओळ एकदम. देवनागरीत. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं जागच्या जागी, छापल्यासारखं. मी ती बघत होते, पण वाचत नव्हते. डोकं एवढंच म्हणत होतं की हे इथे दिसू शकत नाही… दिसू शकत नाही…

वाचली बाबांनी. पुढे वाकून, भिंग धरून, ते मोडी वाचतात तसं, एकेक शब्द सोडवत.

“‘वहिनी, शिक्षा पुसली गेली ना… फालतू टेन्शन नका घेऊ. डॉट… एक्स… प्रोफाइलची… शेवटची ओळ काढून टाका.’ हे काय गं, स्मिता?”

मी घाबरले. भाषेमुळे नाही. तो फोल्डर मी पुसला हे या जगात फक्त मला माहीत होतं.

मी फोन उचलून फोटो काढला. फोटो काढेपर्यंत ओळ पडद्यावर होती, बाबा अजून तिच्यावर भिंग धरून होते. मग सवयीनं माझं बोट एंटरवर पडलं आणि पाहते तर वरच्या ओळीत चौकोन. फोटोतही चौकोन. इतर सगळ्या ओळींसारखीच एक चौकोनांची रांग, आणि तिच्यावर बाबांचं भिंग.

‘डॉट एक्स प्रोफाइल’ नावाची ती फाइल मी उघडली. शाळेत आम्ही ती कधी वापरत नाही, म्हणून तीन दिवसांत तिकडे लक्षच गेलं नव्हतं. खातं उघडताना काय काय करायचं ते तिच्यात लिहून ठेवता येतं. शेवटची ओळ म्हणत होती, अमुक फोल्डरमधली अमुक फाइल वाच. फोल्डरचं नाव चौकोन. मोजायची गरज नव्हती, कळलंच मला. मी पुसलेल्या फोल्डरमधली फाइल मशीन रोज सकाळी वाचायचं. आता ती सापडत नव्हती, म्हणून ते दारातूनच परत फिरत होतं. अपडेट बिचारं निर्दोष होतं. बिघाड मी केला होता.

ओळ काढली. पासवर्ड टाकला. बाबांचा पडदा उघडला. सगळं जागच्या जागी, डावीकडे कागद, उजवीकडे लेख. फक्त अक्षरं बारीक झाली होती. पुसलेल्या फाइलचं कामच ते होतं, अक्षरं मोठी करायचं. ती मी सेटिंगमधून मोठी करून दिली.

बाबा खुर्चीवर बसले. हात फिरवावा तसा माउस इकडून तिकडे फिरवला. आणि म्हणाले, “शाबास, स्मिता. तू होतीस म्हणून झालं.”

बावीस वर्षं मी याच वाक्यासाठी झुरले होते. ते कानावर पडलं तेव्हा वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

“बाबा, मीच बिघडवलं होतं,” मी म्हटलं. “वैशालीचा एक फोल्डर होता. मी पुसून टाकला. रागानं.”

“कोणता?”

“वहिनींची शिक्षा.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं.

“पुसलास? अगं, रागावण्यासारखं काय होतं त्यात?”

“शिक्षा म्हणाली ना ती! मी तिला शिकवत होते, आणि ती…”

“स्मिता,” बाबा म्हणाले, “हिंदीतून शिकलेली पोर ती. शिक्षा म्हणजे शिक्षण गं.”

मी रोज शाळेच्या ज्या फाटकातून आत जाते त्यावर हाताएवढ्या अक्षरात ‘शिक्षा’ लिहिलेलं आहे. बावीस वर्षं हिंदीच्या गावात काढली. दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तो शब्द दिसला असता तर मी बरोबर वाचला असता. तिनं लिहिला, म्हणून मला तो मराठीत दिसला.

बाबा सांगत होते. “तू रोज जे शिकवायचीस ते ती इथे बसून उतरवायची. पासष्ट-सत्तर पानं असतील. वर तारीख, खाली तुझं नाव. ‘बाबा, पाहा, वहिनींनी आज हे बताया.’ हे मशीन लावलं तेही त्यातलं एकेक पान उघडून. मला वाटायचं, तुला ठाऊक आहे.”

“तुम्ही मला कधी बोलला नाहीत, बाबा.”

“वैशूच म्हणायची, वहिनींना तोंडावर तारीफ नाही चालत.”

हे खरं होतं. ती कौतुक करायला लागली की मी “पुरे आता” म्हणून उठायचे. मला वाटायचं, मस्का मारते आहे.

आता स्पष्टीकरण. तुमच्याआधी मीच शोधलं आहे. काळ्या पडद्यावर देवनागरी दाखवणारं काही त्या मशीनवर बसवलेलं नाही, मी पुन्हा पुन्हा तपासलं. मशीन त्या वेळी नेटला जोडलेलं नव्हतं. दिलेल्या कमांडची नोंद राहते, तिच्यात मी दिलेली यादीची कमांड आहे आणि त्यानंतर थेट ती फाइल उघडायची कमांड. मध्ये काही नाही. कुणी म्हणेल, लॉगमधलीच ती चुकीची ओळ पडद्यावर आली आणि अपराधी मनानं तिच्यात मला हवं ते वाचलं. मीही स्वतःला हेच सांगते. पण ओळ मी वाचली नव्हती हो. वाचली बाबांनी, ज्यांना पेपरचा मथळा भिंगाशिवाय दिसत नाही आणि ज्यांना फोल्डर पुसल्याचं माहीत नव्हतं. त्यांना नंतर विचारलं तर शांतपणे म्हणाले, “मला वाटलं तूच लिहिलंस. पण ‘फालतू टेन्शन’ तू कशाला लिहिशील?” बस, एवढंच. त्यांना त्यात नवल वाटत नाही. मला मात्र आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि हे मी डबा खाताना हसणारी बाई सांगते आहे.

मत्सर गेला का? नाही. उलट वाढला. गेल्यावरसुद्धा मोठेपणा तिलाच जमावा! मी पुसलं, आणि ‘टेन्शन नका घेऊ’ म्हणणार ती.

फोल्डर परत आणायचा सगळा प्रयत्न केला. पुसलेल्या फायली शोधणारे जितके प्रकार मला येतात तितके चालवले. एक पान हाती लागलं नाही. मी या घरात कुणाला काही दिलं, हे माझ्या नावानिशी लिहिलेलं सगळ्या जगात एकाच जागी होतं, आणि तिथे मीच ‘हो’ दाबलं.

मग ठरवलं, आपणच पुन्हा लिहून काढू. मी शिकवलेलं, मलाच तर आठवणार. बाबांच्या शेजारी वही घेऊन बसते, रोज, त्यांच्या दुपारच्या दोन तासांत. आतापर्यंत अकरा पानं झाली आहेत. पुढचं आठवत नाही. मी तिला काय काय शिकवलं होतं, ते लक्षात ठेवणारी तीच होती.